१० दिवस तोंड बंद ठेवलं : धुळ्याजवळच्या विपश्यना शिबिराचा माझा अनुभव

मी चोपडा तालुक्यातला, केळीवाला शेतकरी. नोव्हेंबरमध्ये धुळ्याजवळच्या केंद्रात विपश्यनेचं, म्हणजे न बोलता ध्यान करायचं, १० दिवसांचं शिबिर केलं. आता तीन महिने होऊन गेलेत म्हणून लिहितोय, आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं भारावून लिहिलं असतं.

का गेलो ते आधी सांगतो. एका वर्षात घरातलं सगळं बदललं. अण्णा गेले, वर्षश्राद्ध व्हायच्या आत वाटण्या झाल्या, धाकला भाऊ वेगळा निघाला, विहीर तेवढी सामाईक राहिली. त्यात ऑगस्टमध्ये केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला. ज्यांच्याकडे केळी आहे त्यांना माहितीये, पानावर पिवळे पट्टे दिसले की त्याला औषध नाही, मावा नावाची कीड तो रोग पसरवत जाते म्हणून झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं एवढंच हातात असतं. माझी तीन हजार रोपं गेली, भावाचीही गेली, पण तेव्हा मला फक्त माझीच दिसत होती. राग डोक्यात असा बसला की माय मला जेवायला वाढताना घाबरायची, हे मला बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं. त्या रात्रीच फॉर्म भरला.

फॉर्म ऑनलाइन आहे, त्यात आजार, मानसिक त्रास, चालू असलेली औषधं सगळं विचारतात, खरं लिहा, लपवू नका. फी शून्य. राहणं, जेवण, शिकवणं कशाचेच पैसे नाहीत, शेवटी द्यायचं तर दान द्या, आणि तेही कोर्स पूर्ण केलेल्या माणसाकडूनच घेतात. आपलं जेवण आपल्या आधी येऊन गेलेल्या कोणीतरी देऊन ठेवलेलं असतं. मला हे फार मनाला लागलं, कारण त्या वर्षी मी कोणाकडून काही घ्यायच्या आणि कोणाला काही द्यायच्या मनस्थितीतच नव्हतो.

पोचलो की मोबाईल जमा, वही-पेन पण नाही, पुरुष-बायका वेगळे. पहाटे ४ ला घंटा, साडेचारला ध्यान, ११ ला जेवण, ५ ला चहा आणि नव्या साधकाला थोडं फळ-मुरमुरे, रात्रीचं जेवण नाही. ७ ला गोयंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन, साडेनऊला लाईट बंद. दिवसाला साधारण १० तास बसायचं. गुरुजी मूळ ब्रह्मदेशात जन्मलेले, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले. २०१३ मध्ये वारले, पण सूचना अजून त्यांच्याच आवाजात असतात. बोलणं साध्या हिंदीतलं, शेतकऱ्याला समजेल असं.

पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, मोजायचा नाही, मंत्र नाही, नुसतं नाकाशी येतोय जातोय ते बघायचं. मला तर दुसऱ्या दिवशी गुडघे आणि कंबर एवढी दुखली की बॅग उचलून धुळ्याच्या स्टँडवर जावं असं वाटलं. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जे होतंय ते बघत जायचं, दुखलं तरी चिडायचं नाही, बरं वाटलं तरी धरून ठेवायचं नाही. मग रोज तीन वेळा तासभर हात-पाय न हलवता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात.

खरी गोष्ट इथंच घडली. सहाव्या दिवशी बसलेलो असताना विहिरीवरचं भांडण आठवलं आणि कान गरम झाले, गळा आवळला, छातीत धडधड. भाऊ तिथं ६०-७० किलोमीटरवर, आणि जळत होतो मी. डोळे मिटून ते नुसतं बघत बसलो, तर पाच-सात मिनिटांत ते आपोआप उतरलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की राग उतरतो, बोलून टाकलं नाही तरी उतरतो. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना मुक्ताईनं समजावलं ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, कोथळीला मुक्ताईच्या देवळात दरवर्षी जातो, पण ताटी आतून कशी उघडायची ते कोणी असं हाताला धरून दाखवलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं होवो असं मनात धरायचं. सगळं जग मला सोपं गेलं, भावाचं नाव घेताना अडखळलो. तिथं रडलो, लपवत नाही.

घरी आल्यावर लगेच संत झालो नाही, त्याच आठवड्यात पोरावर ओरडलो. पण डिसेंबरमध्ये हरभऱ्याला पाणी द्यायची माझी पाळी होती, रात्रीची लाईट, गेलो तर भावानं आधीच मोटर लावलेली. कान गरम झाले. थांबलो. बॅटरीच्या उजेडात तो चिखलात उभा दिसला, अण्णांचीच जुनी शाल गुंडाळलेली. म्हटलं, तुझं होऊ दे, मग मी लावतो. तो काही बोलला नाही, अर्ध्या तासानं कॉक मात्र स्वतःच माझ्याकडं फिरवून गेला. सकाळी माय विचारते, "तुले बरं नाही का रे? रात्री विहिरीवरून आवाज नाही आला."

जाणार असाल तर १० नाही, १२ दिवस मोकळे ठेवा, आदल्या दिवशी पोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सोडतात. थंडीत जाड शाल न्या, सैल कपडे न्या. जेवण साधं, आपल्यासारखं तिखट नाही, सवय होते. आणि मध्येच सोडून यायचं मनात असेल तर जाऊच नका, आधी पक्कं ठरवा. गहू काढून झाला की मी सेवेला जाणार आहे, स्वयंपाकघरात कामाला. धाकल्याला शिबिराचं विचारलं, तो अजून हो म्हणाला नाही, पण मी नसेन तेवढे दिवस माझ्या वाट्याचं पाणी तो बघणार आहे.