पायरीवरचं झेरॉक्स

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून सीपीआर दवाखान्याच्या आसपास झेरॉक्सची दुकानं वाढलीत, पण माझं दुकान ठरलेलं. बोर्डावरचं नाव पावसानं कधीच धुऊन नेलंय. रांग पायरीवर लागते म्हणून वकील मंडळी 'पायरीवरचं झेरॉक्स' म्हणतात.

6 जानेवारीला, पत्रकार दिनी, मला हान्स-मार्टिन टिलाक या जर्मन बातमीदारावर बोलायचं होतं. दोन निकालांतले उतारे आणि माझी टिपणं अशी 61 पानं, प्रती 25, स्पायरल बाइंडिंग.

इथली खासियत म्हणजे मोजणी. कागद हातात आले की मालक ओल्या स्पंजवर बोट टेकवत तुमच्यासमोर पानं मोजतात आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहितात, '61, एक फाटकं'. परत देतानाही मोजूनच. मागून कुणीतरी "आवरा की ओ!" करतं, पण मालक ढिम्म.

मोजता मोजता म्हणाले, "सर, कसला खटला ह्यो?"

सांगितलं. टिलाक ब्रसेल्समध्ये 'श्टर्न' साप्ताहिकाचा बातमीदार. युरोपियन युनियनच्या कारभारातल्या गैरव्यवहारांवर त्यानं 2002 साली लिहिलं, तेही युनियनच्या घोटाळाविरोधी कार्यालयाच्या, म्हणजे ओलाफच्या, गोपनीय कागदांवरून. यानं अधिकाऱ्याला पैसे चारले असावेत असा ओलाफला संशय. 2004 मध्ये त्यांनी ही माहिती बेल्जियम आणि जर्मनीच्या सरकारी वकिलांकडे धाडली. 19 मार्चला बेल्जियन पोलिसांनी घर-ऑफिसची झडती घेतली. कागदांची 16 खोकी, दोन संगणक, चार मोबाइल, अगदी लोखंडी कपाटसुद्धा उचललं. टिलाक ओलाफविरुद्ध लक्झेंबर्गला, युनियनच्या कोर्टात गेला. 4 ऑक्टोबर 2006 चा निकाल असा, की नुसती माहिती पाठवल्यानं याची कायदेशीर स्थिती बदलत नाही. पुढं काय करायचं ते त्या-त्या देशाचे अधिकारी ठरवतात. म्हणून ते पाठवणं रद्द करा अशी मागणीच चालत नाही. भरपाईही नाही.

"म्हंजे आमच्यासारखंच की. आम्ही कॉपी काडून देणार. फुडं कोर्टात तुम्ही काय लावताय, त्याला आम्ही काय करणार?"

दोन दिवस मी भाषणाची जुळवाजुळव करत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं.

मग स्ट्रासबर्गचं सांगितलं. 27 नोव्हेंबर 2007 ला तिथल्या मानवी हक्क न्यायालयात बेल्जियम हरलं. युरोपियन मानवी हक्क करारातलं अभिव्यक्तीचं 10वं कलम मोडलं, पत्रकाराला 10,000 युरो. जप्त मालाची यादीच केली नव्हती. एक अख्खं खोकं तर सात महिन्यांहून जास्त काळ सापडत नव्हतं.

मालकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मोजलं न्हवतं?"

आता तक्रार. घरी येऊन बघतो तर तीन प्रतींत 34वं पान उलटं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा हेलपाटा, त्यात लाइट गेलेली, जनरेटर नाही, गाडी लावायला जागा नाही. अर्धा दिवस गेला. पण मालकांनी हुज्जत घातली नाही. "मशीन आमचं, चूक आमची," म्हणत तिन्ही स्पायरल सोडवले. परवा 'आम्ही काय करणार' म्हणणारे हेच! पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

घाई असेल तर दुसरीकडे जा. मूळ कागद जपायचे असतील तर इथंच. माझं ते फाटकं पान वेगळ्या पाकिटात घालून दिलं होतं.