फोल्डिंग स्नेक हुक: आठ महिने वापरला, आणि मग अजगर खाली पडला

परवा संध्याकाळी हळकुंड, म्हणजे आमचा पाळलेला अजगर, साप उचलायच्या माझ्या हुकवरून खाली पडला. फार उंचावरून नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, आणि खाली सतरंजी अंथरलेली होती म्हणून निभावलं, पण पडताना त्याच्या अंगाचा जो धप्प आवाज झाला तो अजून कानातून जात नाहीये. म्हणून आज लिहायला बसलेय. हुक कुठला ते ज्यांच्याकडे आहे त्यांना लगेच कळेल, तीन भागांचा, जुन्या रेडिओच्या अँटेनासारखा खेचून लांब करायचा, काळी रबरी मूठ, पुढे स्टीलचा आकडा. वजनाला हलका, ड्रॉवरमध्ये मावतो वगैरे सगळं खरं आहे, ते मी परत सांगत बसत नाही.

मला फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, हा हुक फिरतो. मूठ तुम्ही घट्ट धरलेली असते, मूठ फिरत नाही, पण पुढचा भाग आतल्या आत गोल फिरतो. नवीन असताना नाही फिरत. तिसऱ्या महिन्यात जरासा, पुढे चांगलाच. साप उचलताना आकड्याचं तोंड वरच राहायला पाहिजे, एवढं एकच काम आहे त्याचं. साप काही तराजूसारखा दोन्हीकडे सारखा लटकत नाही, एका बाजूला जास्त वजन, दुसऱ्या बाजूला कमी, शिवाय तो सरकत असतो, त्यामुळे आकड्यावर सतत पीळ पडत राहतो. सळई एकसंध असेल तर तो पीळ तुमच्या मनगटात येतो आणि तुम्ही आपोआप सावरता. हा अँटेनावाला असेल तर पीळ मधल्या सांध्यात जातो, तुमच्या हाताला काहीच कळत नाही आणि एकदम तोंड खाली. परवा नेमकं हेच झालं.

आमच्याकडे जंगल कार्पेट पायथन आहे, नर, चार वर्षांचा, साधारण १.८ मीटर, वजन दीड किलोच्या वर. क्वीन्सलंडच्या उत्तरेकडच्या पावसाळी जंगलातली जात, काळ्या अंगावर हळदीसारखे पिवळे पट्टे, म्हणून लेकाने नाव ठेवलं हळकुंड. आम्ही मेलबर्नला. इथे परदेशी साप पाळायला बंदी आहे, कॉर्न स्नेक नाही, बॉल पायथन नाही, फक्त इथल्याच जाती आणि त्याही लायसन्स काढून. पुण्यातल्या लोकांनी विचारायच्या आधीच सांगते, आपल्याकडे अजगर, धामण, नाग यातलं काहीही घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून कुणी शेतातली धामण उचलून आणू नका. परदेशी जात असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचं प्रकरण आहे ते आधी नीट बघा.

हुक घ्यायची वेळ का आली ते सांगते, नाहीतर बिनविषारी सापाला हुक कशाला असं वाटेल. हळकुंड ज्यांच्याकडून आला ते गाव सोडून चालले होते. त्यांच्याकडे पेटीचं दार उघडलं की उंदीर मिळणार एवढंच त्याला माहीत. कार्पेट पायथनच्या ओठांवर छोटे खड्डे असतात, त्यांनी त्याला उष्णता कळते. म्हणजे अंधाऱ्या पेटीत तुमचा गरम हात आत आला की त्याला तो हात दिसत नाही, एक गरम गोष्ट येतेय एवढंच कळतं, आणि गरम गोष्ट म्हणजे जेवण. पहिल्याच आठवड्यात माझा हात धरला. विष नाही पण दात आतल्या बाजूला वळलेले असतात, हात मागे ओढला की मांस फाटतं आणि त्याचेही दात तुटतात, म्हणून ओढायचं नाही. वेटोळं घातलेल्या हातासकट मी नळाखाली गार पाणी सोडून उभी राहिले, मिनिटभराने त्याने सोडलं. मग साबणाने स्वच्छ धुवून पट्टी. दुखण्यापेक्षा वाईट याचं वाटलं की तो रागावलेला नव्हता, त्याला खरंच वाटलं होतं की जेवण आलंय.

हुकचं खरं काम इथे सुरू होतं. दार उघडायचं, दोन क्षण थांबायचं, मग आकड्याची पाठ त्याच्या अंगाच्या मधोमध हलकेच टेकवायची आणि शेपटीकडे फिरवायची. हुक खोलीइतकाच गार असतो, म्हणजे जेवण नाही. डोकं आत घेतलं, जीभ सावकाश आत-बाहेर करायला लागला की समजायचं त्याला कळलं, मग हात बाजूने आणायचा, समोरून किंवा डोक्यावरून कधीच नाही. आणि ज्या दिवशी उंदीर द्यायचा त्या दिवशी हुकला हातही लावायचा नाही, त्या दिवशी फक्त लांब चिमटा. हुक म्हणजे बाहेर यायचंय, चिमटा म्हणजे खायचंय. ही दोन कामं एकाच काठीने केलीत तर सगळी मेहनत वाया. साधारण सहा आठवड्यांत फरक पडला. आता हुक टेकवला की मानेचा तो इंग्रजी एस सारखा आकार सैल होतो, हे बघायला इतकं समाधान वाटतं की काय सांगू.

ऑनलाइन घेतला तेव्हा ६५ डॉलर दिले. रुपयांत साडेतीन हजारांच्या पुढे. इतके का दिले तर पेटी १२० सेंटिमीटर लांब, ६० खोल, समोर सरकती काच. मीटरभर लांब हुक आत नेला तर टोक मागच्या भिंतीवर आपटतं आणि कोपर सोफ्याला लागतं, आणि अगदी आखूड घेतला तर सापाचं तोंड हाताच्या जवळ. मला वाटलं कमी-जास्त होणारा घेतला की दोन्ही प्रश्न सुटले. बाबांनी फोनवर तेव्हाच सांगितलं होतं, "अगं सांधा आला की तिथेच मोडणार." मी ऐकलं नाही.

मी वाढले धनकवडीत. कात्रजचं सर्पोद्यान, १९८६ साली महापालिकेने नीलिमकुमार खैरेंच्या पुढाकाराने सुरू केलेलं, आमच्या घरून रिक्षाने दहा मिनिटं, पाहुणे आले की त्यांना तिकडेच घेऊन जायचो. आमच्या सोसायटीत कुणाच्या बाथरूममध्ये साप निघाला की एक सर्पमित्र काका यायचे, त्यांचा हुक त्यांनी स्वतः केलेला होता. एक लोखंडी सळई पुढे रुंद वाकवलेली, टोक कानशीने घासून गोल केलेलं, आणि मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. बस. घोणससारखा जड साप त्यावरून पिशवीत जाताना मी जिन्यातून बघितलाय. तो हुक फिरला असता तर काकांचं काय झालं असतं हा विचार परवापासून सारखा येतोय. माझा साप बिनविषारी आहे म्हणून माझी चूक मला परवडली.

आता दुकानाची गोष्ट. चौथ्या महिन्यात मी त्यांना मेल केला की पुढचा भाग फिरतोय, व्हिडिओ पण जोडला. उत्तर आलं, आतली माती साफ करा. केली. खरंच पेटीत अंथरलेल्या नारळाच्या भुशाचे कण होते आत. पंधरा दिवस बरा चालला, परत तेच. मग बदलून दिला, पाठवायचा खर्च माझा, १२ डॉलर. बदललेला दोन महिन्यांत फिरायला लागला. परवा पडल्यावर लिहिलं तर म्हणे हा हुक साप उचलायला नाहीच, फक्त दिशा द्यायला आहे. मला खरंच खूप राग आला, कारण खोक्यावर जो फोटो आहे त्यात आकड्यावर पूर्ण साप लटकतोय, जमिनीपासून वर! फोटो काढून पाठवला. इथल्या ग्राहक कायद्यात वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाला लायक असली पाहिजे असं आहे आणि दुकानाची स्वतःची वॉरंटी संपली म्हणून ती जबाबदारी लगेच संपत नाही, हेही लिहिलं. आता वाट बघतेय.

हे लिहायला बसले तेव्हा एक स्टार द्यायचं ठरवलं होतं. पण मधेच उठून हळकुंडची वही काढली. त्यात मी जेवण, कात, वजन, बाहेर काढलं ते सगळं लिहिते. त्यातून कळलं की या हुकने मी त्याला जवळजवळ रोज नुसतं टेकवून उठवलंय, आणि खरोखर उचललंय ते आठवड्यातून एकदा, पेटी साफ करताना. टेकवायच्या कामाला हा हुक आजही उत्तम आहे. फिरला तरी काय बिघडतं, आकड्याची कुठलीही बाजू लागली तरी गारच लागते. आणि तो सहा आठवड्यांतला फरक याच हुकने पडला, दुसऱ्या कशाने नाही. तेव्हा एक स्टार देणं अन्याय होईल. अडीच देते.

आणि उचलण्यात माझीही एक चूक होती ती लिहायलाच हवी. दीड-दोन किलोचा अजगर एकट्या हुकवर उचलायचाच नसतो. हुक डोक्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, आणि मागच्या जड भागाखाली दुसरा हात. सगळं वजन त्या बोटभर सळईवर आलं तर फासळ्यांवर दाब येतो. पहिले काही महिने मी दुसरा हात लावायचे, मग तो शांत व्हायला लागला तशी मी सैल पडत गेले. परवा त्याची कात जवळ आलेली, डोळे धुरकट व्हायला लागलेले, अशा वेळी त्यांना नीट दिसत नाही आणि ते बिथरतात, तर खरं म्हणजे त्याला हलवायलाच नको होतं. पण पाण्याचं भांडं सांडलं, भुसा ओला झाला, ओल्यात ठेवला तर खपल्या होतात म्हणून घाईने एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने भांडं काढायला गेले. दोन्ही हात त्याच्याजवळ असते तर हुक फिरूनही तो पडला नसता. तरीपण हुक फिरायला नकोच होता, हे माझं मत बदललेलं नाही.

पडल्यावर त्याला तसाच दहा मिनिटं सतरंजीवर राहू दिला, मग दोन्ही हातांनी पेटीत. काल दिवसभर त्याचं वेटोळं बघत होते, कुठे बाक आलाय का, सूज आहे का. चालणं नेहमीसारखं आहे, जीभ चालू आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीये तरीही.

नवीन हुक मागवलाय, एकसंध, स्टेनलेस स्टीलचा, ७० सेंटिमीटर, आकडा रुंद आणि टोक गोल, ३८ डॉलर. म्हणजे ६५ अधिक १२ अधिक ३८, एकशे पंधरा डॉलर झाले एका वाकवलेल्या सळईपायी. तुम्ही पहिल्यांदा घेत असाल तर दुकानात हातात घेऊन एक गोष्ट करा, एका हाताने मूठ धरा, दुसऱ्या हाताने आकडा पिळून बघा. केसभर जरी हलला तरी खाली ठेवा. अरुंद आकडा पण नको, जाड सापाला तो टोचतो. आणि चिमट्यासारखे पकडणारे जे लांब टाँग मिळतात ते पाळलेल्या सापाला अजिबात लावू नका, दाब किती पडतो ते हाताला कळत नाही.

अजून एक, इथल्याच टार्नेट उपनगरातल्या दोन ओळखीच्यांनी विचारलं की तुझ्याकडे हुक आहे तर आमच्या मागच्या अंगणातला साप काढशील का. नाही. इथे अंगणात निघतो तो टायगर स्नेक किंवा ब्राउन स्नेक असू शकतो, दोन्ही जीवघेणे, आणि व्हिक्टोरियात सगळे साप संरक्षित आहेत. लहान मुलं, कुत्रा आत घ्या, लांबून नजर ठेवा आणि लायसन्सवाल्या पकडणाऱ्याला फोन करा.

अपडेट, रात्री साडेनऊ: दुकानाचा मेल आला, ३० डॉलर परत देतायत, तेही दुकानातच खर्च करायचे. मी लिहिलंय की पूर्ण पैसे आणि खोक्यावरचा फोटो बदला. जुना हुक टाकत नाहीये. तो पेटीशेजारच्या खिळ्याला लावलाय, रोज टेकवायला तोच, आणि त्याच्या मुठीवर लेकाने लाल चिकटपट्टी लावलीये, म्हणजे घरात कुणीही घाईत त्याने उचलायला जाणार नाही. हळकुंडने आत्ताच ओल्या शेवाळाच्या डब्यात डोकं घातलंय, बहुतेक आठवड्याभरात कात टाकेल. तोवर दार फक्त पाण्यापुरतं उघडणार.