एअर रायफलमध्ये हवा भरताना: हातपंप की सिलिंडर?

जळगावातील एका नवोदित नेमबाजापुढे हा पेच आहे. 10 मीटर अंतरावरील नेमबाजीच्या रायफलच्या हवेच्या नळकांड्यावर बहुधा 200 बार (बार हे दाबाचे एकक) ही कमाल मर्यादा कोरलेली असते. हातपंप स्वस्त असून कुठेही चालतो. मात्र शेवटचे 50 बार घाम काढतात आणि पावसाळ्यात हवेतील ओल आत जाते. 300 बारच्या सिलिंडरची हवा कोरडी असते व काम मिनिटात होते, पण झडप घाईने उघडली की दाबमापकाचा काटा मर्यादेपलीकडे जातो. शिवाय सिलिंडरची मुदतीत दाबचाचणी करावी लागते, हा खर्च दुकानदार सहसा सांगत नाही.

खानदेशी उन्हाळ्यात, 25 अंशांना भरलेले 200 बार 45 अंशांवर 13 बारहून अधिक वाढतात, म्हणून 180 वरच थांबावे. छऱ्याच्या वेगासाठी सुरक्षा-झडप बदलणे दोन्ही पर्यायांत सारखेच घातक आहे.

घरी एकट्याने सराव करणाऱ्याला हातपंप पुरतो; सिलिंडर क्लबलाच परवडतो.