टँटलमची नळी की लोखंडी पाइप?

मॅग्नेशियम डायबोराइड हा अतिवाहक, म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला अडवतच नाही असा पदार्थ, बनवायचाय; मॅग्नेशियम आणि बोरॉन मिसळून तयार आहे, भाजायचं कशात यावर गाडी अडली असेल, तर दोन वाटा आहेत. टँटलम या धातूच्या नळीत भरून ती निर्वात क्वार्ट्झच्या नळीत बंद करायची, किंवा सरळ लोखंडी पाइप. पणजीत राहून मी दोन्ही केलंय, पावसाळ्यासकट.

पहिल्या वाटेचं काम देखणं, नमुनाही स्वच्छ निघतो. मात्र नुसतं क्वार्ट्झ चालत नाही. मॅग्नेशियम त्यातला ऑक्सिजन ओढतं. नुसतं टँटलम गरम हवेत टिकत नाही. म्हणजे ग्रॅमभर भुकटीला दोन कोट.

तेही चाललं असतं. माझं मन उडालं ते क्वार्ट्झमधली हवा काढणाऱ्या पंपामुळे. जुलैची संध्याकाळ, ज्योतीवर क्वार्ट्झची मान नुकती मऊ झालेली, आणि लाइट गेली. पंपाला तेल मागे येऊ न देणारी झडप नव्हती. तेल होजमधून चढत आलं आणि टँटलमवर पिवळे थेंब पडले. जनरेटर होता, पण तो सुरू होईपर्यंतचा अर्धा मिनिट पुरला. त्या पावसाळ्यात असं तीनदा झालं.

मग मालीमच्या जेटीवर ट्रॉलरची कामं करणारा वेल्डर गाठला. "बाब, एवढ्याशा पाइपात घातलंय तरी काय?" एक टोक चेपून आधीच वेल्ड केलेलं. हवा आत येऊ नये म्हणून आर्गॉन वायू सोडत भुकटी भरली, वर थोडी जागा ठेवली, खालचा भाग तांब्याच्या जाड पट्ट्यांत धरला, म्हणजे आच खाली उतरत नाही. शेजारी कोरडी वाळू. मॅग्नेशियम पेटलं तर पाणी नको. मग उघड्या भट्टीत ८०० अंशांवर दोन तास. बाहेरून खवले सुटतात, सुटू देत. मॅग्नेशियमचं लोखंडाशी फारसं जमतच नाही. तांब्याचा पाइप मात्र घेऊ नका, ४८५ अंशांनाच दोघं मिळून वितळू लागतात.

लोखंडाचा त्रास नंतर. हॅकसॉने कापताना कीस नमुन्याला चिकटतो आणि चुंबकीय मोजणीत आधी लोखंडच दिसतं. वेल्डला टाचणीएवढं भोक राहिलं तर आत पांढरी राख. माझे दहातले एक-दोन असे जातात.

द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनलाच थांबतो, आणि हा पदार्थ अतिवाहक होतो तो ३९च्या खाली, म्हणून दोन्हींचे नमुने मोजायला मुंबईला पाठवले. आलेखांत मला तरी फरक दिसला नाही. तुमचा अभ्यास अशुद्धींवरच असेल, तर टँटलमच बरं. पहिलाच नमुना असेल आणि जून तोंडावर असेल, तर मी पाइप घेईन. वेल्डर अजून पाइपामागे पन्नासच घेतो, फक्त कापल्यावर आतलं दाखवायला लावतो.