फोन, विधी सेवा ऑफिस की ग्राहक संघटनेचं टेबल: घराच्या तक्रारीचा सल्ला नाशिकमध्ये कुठे घ्यावा

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला हाच प्रश्न विचारला, की सोडतीत फ्लॅट लागला, ताबा मिळाला, आता बिल्डर ऐकत नाही, तर आधी कोणाला विचारायचं. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसलो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो. मी वकील नाही, अंबडला कंपनीत आहे, पण आईच्या फ्लॅटपायी या तिन्ही ठिकाणी जाऊन आलोय, त्यामुळे जे पाहिलं तेवढंच सांगतो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आमचा फ्लॅट वीस टक्क्यांतला. म्हणजे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर खाजगी बिल्डर स्कीम करतो तेव्हा त्यातली वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटाला द्यावी लागतात, सोडत म्हाडा काढतं, ॲग्रीमेंट मात्र बिल्डरशी होतं. आईच्या नावाने अर्ज केला होता, पाथर्डी फाट्याच्या पुढे वन बीएचके लागला, सगळं धरून चौदा लाखांच्या आत. ताब्याच्या वेळी 'अदर चार्जेस' म्हणून ८५ हजार वेगळे घेतले, पार्किंग, मीटर, क्लब हाऊस असं काहीबाही लिहून, आणि पहिल्याच पावसाळ्यात बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला एवढी ओल आली की आतल्या कपाटातले कपडे बुरसले. साइटवर विचारलं तर उत्तर ठरलेलं, हे लॉटरीवाले फ्लॅट आहेत, तुम्ही म्हाडात विचारा. गडकरी चौकातल्या म्हाडाच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या साहेबांनी ॲग्रीमेंट उघडून दाखवलं की पैसे कोणाला दिले आणि सही कोणाशी झाली ते बघा, ओल आणि जादा पैसे या दोन्ही गोष्टी बिल्डरकडूनच सुटतील. ते बरोबरच होतं, आणि त्यांनी ते चांगल्या शब्दात सांगितलं. पण म्हणजे नेमकं करायचं काय, हे सांगणारं माणूस पाहिजे होतं.

आधी फोनचं बोलू. सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ सगळ्यांना माहीत असेल, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, आणि मिक्सर, मोबाईल, ऑनलाइन ऑर्डर, रिफंड असल्या भानगडीत पहिला फोन तिथेच करावा असं मी म्हणेन. ती केसच्या आधीची पायरी आहे, तुमची तक्रार ते कंपनीला पाठवतात आणि उत्तर मागवतात, आदेश काढायचा अधिकार त्यांना नाही, आणि हे माहीत असलं की नंतर निराशा होत नाही. मी स्वतः मात्र वेगळीकडे गेलो. एका खाजगी सेवेचं तीन कॉलचं पॅकेज घेतलं, पैसे भरून, फोनवर वकील. शिफ्ट सुटल्यावर घरी बसून काम होईल, कोर्टाजवळ सीबीएसला (मध्यवर्ती बस स्टँडला) जाऊन गाडी लावायला जागा शोधायला नको, एवढाच विचार.

पण मला जे टोचलं ते सांगतो, आणि माझा निर्णय तिथेच झाला. तिन्ही कॉलला तीन वेगळी माणसं. प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. सोडत कधी लागली, फ्लॅट कोणाच्या नावावर, तुम्ही कोण, वीस टक्के म्हणजे काय (हे तर दोन जणांना मलाच समजावून सांगावं लागलं), ओल कधी आली, पैसे कधी दिले. वीस मिनिटांच्या कॉलमधली बारा-तेरा मिनिटं सांगण्यात जायची, आणि उरलेल्या वेळात समोरचा जे बोलायचा ते इतकं वरवरचं की कोणत्याही फ्लॅटला लागू पडावं. पहिल्याने सांगितलं महारेरात (रेरा कायद्याखाली बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) जा, दुसऱ्याने सांगितलं म्हाडालाही केसमध्ये पार्टी करा, तिसरीने सांगितलं की आधी सोसायटी स्थापन होऊ द्या. तिघंही आपापल्या जागी चुकीचे नसतील, त्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलेली, आणि कागद तर एकानेही पाहिला नव्हता. आई शेजारी बसून ऐकायची, तिसऱ्या कॉलनंतर ती म्हणाली, "अरे यांना आपलं घर दिसतच नाही." या सगळ्यात चार महिने गेले. ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टात, जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असते, आणि तुम्ही फोनवर कोणाशी बोलत होतात म्हणून ती थांबत नाही. आमचे तोपर्यंत सतरा महिने संपले होते, आणि हे आकडे मोजून बघा असं मला तोपर्यंत कोणीही म्हणालं नव्हतं.

मग विधी सेवा. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त जेलमधल्या आरोपींसाठी किंवा नवरा-बायकोच्या भांडणासाठी असतं. तसं नाही. १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क कोणाकोणाला आहे ते ठरवून दिलंय, त्यात सगळ्या महिला येतात, उत्पन्न कितीही असो, शिवाय अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आणि महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेलं कोणीही. फ्लॅट आईच्या नावावर म्हणजे आईला हक्क होताच, आणि कंपनीतला कामगार म्हणून बहुतेक मलाही. अत्यल्प गटातून घर लागलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात यातलं एक तरी कलम बसेल. फोन करून विचारायचं असेल तर नालसाचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, १५१०० नंबर आहे. तिथे बसलेल्या मॅडमनी आईला खुर्ची दिली, अर्जाचा नमुना दिला, काय जोडायचं ते पेनाने खुणा करून दिलं. मला ते ऑफिस आवडलं, मनापासून सांगतो. अडचण एवढीच की सगळं ऑफिसच्या वेळेत, म्हणजे अर्धा दिवस रजा, आणि मिळणारा वकील हा केस चालवायला मिळतो, त्याच्या हातात आधीच इतर कामं असतात. केस उभीच करायची की नाही, की एका पत्रात काम होईल, हे ज्याला अजून ठरवायचंय त्याला ती पायरी थोडी पुढची वाटते. केस ठरली असेल आणि वकिलाची फी परवडत नसेल तर मात्र दुसरीकडे बघायचं कारण नाही.

तिसरं म्हणजे ग्राहक संघटना. आपल्याकडे ही चळवळ जुनी आहे, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता, तो १९८६ ला आला. आताचा २०१९ चा. नाशिकमध्ये वेगवेगळ्या संघटनांचे कार्यकर्ते आहेत, मी ज्यांच्याकडे गेलो ते आठवड्यातून दोन संध्याकाळी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतात, एक टेबल, चार खुर्च्या, एक लोखंडी कपाट. बहुतेक मंडळी रिटायर्ड, कोणी बँकेतून, कोणी वीज मंडळातून. गेल्या गेल्या तिथल्या एका काकांनी वही काढली, तारीख टाकली, आईचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "ताई, बोलायचं नंतर, आधी पिशवी इकडे द्या."

तासभर ते कागद लावत बसले, तारखेप्रमाणे. आणि त्यात जे निघालं ते तीन कॉलमध्ये निघालं नव्हतं. ॲग्रीमेंट एका फर्मशी आणि ८५ हजारांतल्या साठ हजारांची पावती दुसऱ्याच फर्मच्या नावाने, पंचवीस हजार तर साध्या कागदावर शिक्का मारून घेतलेले. म्हणजे तक्रारीचं पत्र दोघांनाही जायला पाहिजे, नाहीतर उद्या एक जण हात वर करणार. ताबा पत्रात छापील ओळ होती की आमची कोणतीही तक्रार नाही, त्यावर आईची सही, मला वाटलं झालं, संपलं. काका म्हणाले एवढ्याने हक्क जात नाही, रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि सोडतीचा फ्लॅट म्हणून यात काही कमी होत नाही.

पुढच्या खेपेला मी एकटाच गेलो, काका नव्हते, दुसऱ्या बाई होत्या. पोटात गोळा आला की आता परत सगळं सांगा. त्यांनी कपाटातून वही काढली, पान उघडलं, वाचलं आणि विचारलं, "दुसऱ्या फर्मचा पत्ता मिळाला का?" मला त्या एका प्रश्नाचं जे बरं वाटलं ते कसं सांगू. मी सांगितलेलं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि आमची गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली.

महारेरा की ग्राहक आयोग हा मोठा प्रश्न, त्यावरही त्यांनी आमच्या कागदांवरून सांगितलं. ताबाच मिळाला नसेल, तारखेवर तारीख चालली असेल, व्याज किंवा पूर्ण पैसे परत पाहिजे असतील तर रेरा कायद्याचं कलम १८ त्यासाठीच आहे, महारेरातली फी पाच हजार, सुनावणी ऑनलाइन होते, पण पैशाचा आदेश बिल्डरने मानला नाही तर वसुली कलेक्टर ऑफिसमार्फत होते आणि तिथे वेळ जाऊ शकतो. ताबा मिळालाय, जादा पैसे घेतलेत, ओल आहे, मनस्ताप झालाय, अशा वेळी जिल्हा ग्राहक आयोग सोपा पडू शकतो. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं तिथेच चालतात, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, वकील लागतोच असं नाही, आणि फी दिलेल्या रकमेवर ठरते, दहा ते वीस लाखांत आमची बसली म्हणून चारशे रुपये. आदेश पाळला नाही तर तुरुंगवासापर्यंतची तरतूद आहे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही, एक निवडावं लागतं, पण रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० सालीच सांगून ठेवलंय. आणि ज्यांचं घर थेट सरकारी प्राधिकरणाने बांधलेलं आहे त्यांच्यासाठीही सांगतो, सरकारी घरात कसली तक्रार असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, १९९३ च्या लखनौ डेव्हलपमेंट ॲथॉरिटीच्या निकालात अशी घरं देणं हीसुद्धा सेवाच धरलीय.

आमच्या सोसायटीत अजून एक गोष्ट निघाली, शेजारच्या विंगला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नव्हतं आणि पाण्याचं बिल जास्त येत होतं. त्यांना काकांनी २०२२ च्या समृद्धी सोसायटीच्या निकालाची प्रत दिली, त्या मुंबईच्या सोसायटीला ओसी नाही म्हणून २५ टक्के जादा घरपट्टी आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती, सुप्रीम कोर्टाने म्हटलं बिल्डरने ओसी मिळवून न देणं ही रोज चालू राहणारी चूक आहे, त्यामुळे मुदत गेली म्हणून हाकलता येणार नाही. असा निकाल नेमका आपल्या कामाचा आहे हे ओळखायला आपले कागद पाहिलेला माणूस लागतो.

उणीवही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. संघटनेत गर्दी असते, दोन तास बसावं लागतं, दिवाळीच्या सुमारास दोन आठवडे बंद होतं. पत्राचा मसुदा हाताने लिहून मिळतो, टाईप आपण करायचा. ते तुमच्यासाठी धावपळ करत नाहीत, तुमच्याकडूनच करून घेतात, एकट्या म्हाताऱ्या माणसाला ते जड जाईल, त्यांनी सरळ विधी सेवेत जावं. आणि जो परगावी नोकरीला आहे, ज्याला नाशिकला येणंच जमत नाही, त्याला फोनशिवाय पर्याय नाही हे मला मान्य आहे, फक्त प्रत्येक कॉलनंतर कोण काय म्हणालं ते तारखेसकट स्वतः लिहून ठेवा आणि दोन वर्षांची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

आमचं पुढे असं झालं की दोन्ही फर्मना स्पीड पोस्टाने पत्रं गेली, तीन आठवड्यांत साइट इंजिनिअर स्वतः आला, बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंग करून दिलं, यंदाच्या आषाढात भिंत कोरडी होती. पैशांवर मात्र ते बोलायला तयार नाहीत, म्हणून मुदत संपायच्या दोन महिने आधी आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली, मसुदा संघटनेतच तपासून घेतला. नोटीस पोचल्यावर त्यांना उत्तराला तीस दिवस आणि फार तर पंधरा दिवस वाढवून मिळतात, ते दिवस आता चालू आहेत. त्यांच्याकडून मोठा वकील उभा राहिला तर आईचा विधी सेवेचा अर्ज भरून तयार ठेवलाय, फक्त तारीख टाकायची बाकी आहे.

जाणार असाल तर ॲग्रीमेंट, सोडतीची सगळी पत्रं, ताबा पत्र, प्रत्येक पावती आणि ओलीचे फोटो तारखेसकट घेऊन जा, झेरॉक्सचे दोन सेट करा, एक तिथल्या कपाटात राहतो.