आठ महिने ड्रॉप-जंपचा सराव: बेळगावच्या आसपास कुठे जमलं, कुठे नाही, आणि घरी बनवलेला रॅम्प

सायकल घेऊन दीड वर्ष होत आलं पण ड्रॉप (कडेवरून सायकलसकट खाली उतरणं) आणि जंप (रॅम्पवरून उडणं) नीट शिकायला सुरुवात केली ती गेल्या गणपतीनंतर, म्हणजे आता आठ महिने झाले. जूनमध्ये पाऊस लागला की सगळंच बंद होतंय, त्याआधी लिहून टाकतो कारण आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच की बेळगावात हे करायला जागा कुठे आहे. बाईक पार्क आपल्याकडे नाही, जे आहे ते आपणच शोधायचं. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे, सोबत भाचा असतो, तो दहावीला. आठवड्यातून तीन दिवस सकाळी दीड-दोन तास मिळतात, सगळा हिशोब त्यातच बसवलेला आहे.

आधी सायकलीबद्दल, कारण जागा कुठली चालेल हे त्यावरच ठरतं. २९ इंची हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली माउंटन बाईक, पुढे १२० मिलिमीटर दबणारा हवेचा शॉक (एअर फोर्क), २.३५ इंची टायर, साधे सपाट पेडल. बटणावर सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट नाही, सीट हातानेच खाली करतो. घेतल्यावर सहा महिने मी मॅन्युअल उघडून बघितलंच नव्हतं. त्यात सायकल कुठल्या कॅटेगरीत बसते ते दिलेलं असतं, एएसटीएम एफ२०४३ नावाचं स्टँडर्ड आहे त्याप्रमाणे. कॅटेगरी २ म्हणजे कच्चा रस्ता आणि १५ सेंटीमीटरपर्यंतचा ड्रॉप, ३ म्हणजे ६१ सेंटीमीटर, ४ म्हणजे १२२, आणि त्याच्या वरचं सगळं ५ मध्ये. माझी ३ मध्ये येते, म्हणजे दोन फूट ही आमची हद्द. जाड टायर आणि डिस्क ब्रेक असलेल्या बऱ्याच स्वस्त सायकली २ मध्येच येतात, दिसायला हुबेहूब माउंटन बाईक असल्या तरी. तेव्हा उडी मारायच्या आधी ते पान काढून बघा, मनापासून सांगतोय.

पहिला दीड महिना टिळकवाडीतच काढला, आमच्या गल्लीच्या टोकाला फुटपाथची कड आहे, टेपने मोजली तर बरोबर सहा इंच. रोज कामाला जायच्या आधी वीस मिनिटं, तीच कड, चाळीस-पन्नास वेळा. कंटाळा येतो हे खरं आहे पण जे काही आज येतंय त्यातलं निम्मं तिथेच शिकलो. कडेवर पुढचं चाक आलं की हँडल वर खेचायचं नाही, कंबर थोडी मागे आणि खाली घेऊन हात पुढे सोडायचे म्हणजे सायकल अंगाखालून पुढे जाते आणि पुढचं चाक धपकन खाली जात नाही. वेग कमी असेल तर हे जास्त लागतं, वेग बरा असेल तर जवळपास काही करावं लागत नाही. दोन्ही चाकं टेकल्याचा आवाज एकच आला पाहिजे, टप-टप असा दोनदा आला की काहीतरी चुकलं. भाच्याने फोन जमिनीवर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट केलं आणि तेव्हा कळलं की मी प्रत्येक वेळी डावा पाय ताठ ठेवत होतो. व्हॅक्सिन डेपोच्या आवारातही दोन-तीन सकाळी गेलो, झाडी मस्त आहे, मुळांवरून चालवायला मजा येते, पण फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी भरपूर असतात आणि ती जागा त्यांचीच, म्हणून सोडली.

मग सगळे जातात तसे आम्ही पण शेताकडे वळलो. वडगाव, अनगोळ, येळ्ळूर ही सगळी भाताची शिवारं, एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरताना बांधावर दीड-दोन फुटाचा टप्पा तयारच असतो, आणि सुगी झाल्यावर रान मोकळं दिसतं. पण ते मोकळं नसतं, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर पेरतात. आणि बांध म्हणजे नुसती मातीची कड नाही, पुढच्या पावसात पाणी अडवायचं काम तोच करतो, चाकाने कोपरा ढासळला तर शेतकऱ्याला जूनमध्ये परत घालावा लागतो. आम्ही एकदाच केलं, एका काकांनी बघितलं, त्यांनी शिवी दिली नाही, नुसतं ढासळलेली माती हाताने परत लावत बसले. त्यानंतर बांधावर सायकल घातली नाही.

गडांबद्दल पण लोक विचारतात. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता चढाईच्या सरावाला एकदम चांगला, पण तटावरून, पायऱ्यांवरून उड्या मारायच्या नाहीत, बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूलाही नाहीत. कॅम्पात लष्कराची जागा कुठे सुरू होते ते बोर्डावर लिहिलेलं असतं, तिथे फिरकू नका. वैजनाथच्या डोंगरावर उतार भारी आहे पण दगड सुटे आहेत, शिकण्यासाठी नाही. जांबोटी-कणकुंबीकडे रान सुंदर आहे पण लांब पडतं आणि भीमगड अभयारण्य त्याच पट्ट्यात येतं, २०११ पासून ते अभयारण्य आहे, त्यात सायकल घेऊन शिरायचा विचारसुद्धा नको.

डिसेंबरात मी पडलो ते सांगतो. गावाबाहेर एक जुनी मोरी आहे, वापरात नाही, कठडा पडलेला, कड साधारण दोन फूट आणि खाली सपाट टणक मुरूम. कड दिसायला इतकी स्वच्छ होती की मी खाली बघितलंच नाही. उडालो छान, टेकलो दोन्ही चाकांवर, आणि सगळा दणका मनगटात. उजवं मनगट सुजलं, दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, पण तीन आठवडे पट्टा आणि कामावर हलकंच काम. सायकल कॅटेगरीच्या आत होती, वेग बरोबर होता, टेक्निक पण बरं होतं. लँडिंग चुकीचं होतं.

घरी बसून हिशोब केला, मशीन शॉपमध्ये असल्यामुळे आकड्यांची सवय आहे. साठ सेंटीमीटर खाली येईपर्यंत खालच्या दिशेचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेतीन मीटर होतो. सपाट जमिनीवर तो सगळा अंगावर येतो. पण तेच साठ सेंटीमीटर उतरून वीस अंशाच्या उतारावर टेकलं आणि पुढचा वेग ताशी पंधराच्या आसपास असला तर उताराला लंब असा वेग जेमतेम पावणेदोन-दोन मीटर राहतो, म्हणजे सपाट जागी सतरा-अठरा सेंटीमीटरवरून पडल्याइतका. दोन फुटाचा ड्रॉप आपल्या गल्लीतल्या फुटपाथएवढा! हा आकडा निघाल्यावर मी दोनदा तपासला. तेव्हापासून जागा बघायला गेलो की आधी खाली उभा राहतो, उतार बघतो, पुढे थांबायला पंधरा-वीस मीटर मोकळं आहे का बघतो, आणि मग वर चढून कड बघतो.

अशी जागा जानेवारीत मिळाली. येळ्ळूरच्या बाजूच्या माळावर मुरूम काढून सोडून दिलेला एक खड्डा, एका अंगाला फूटभर उंच, सरकत सरकत दुसऱ्या अंगाला चार फूट. नेमकं ठिकाण सांगत नाही कारण मालकांची तशी अट आहे. त्यांना शोधायलाच दोन रविवार गेले. शेवटी भेटले तर म्हणाले, "सायकल उडवायला माळ लागतंय व्हय तुमाला? उडवा की, पण दुपारी गुरं बसत्यात थितं, तवा येऊ नका, आनि पडला तर मला सांगू नका." आम्ही सकाळी साडेआठच्या आत आवरतो, जाताना प्लॅस्टिक दिसलं तर उचलतो, दिवाळीला कुंदा न्यायचा ठरलंय. पूर्वेला सांबऱ्याच्या पुढे शोधत असाल तर थोडं कन्नड उपयोगी पडतं, "स्वल्प जागा बेकु री" (थोडी जागा हवी होती) एवढं बोललं तरी समोरचा माणूस हसून ऐकून घेतो.

खड्ड्याची जमेची बाजू म्हणजे उंची सलग वाढत जाते, एकाच कडेवर एक फूट, सव्वा, दीड असं हातभर सरकत पुढे जाता येतं, एकदम दुसरी मोठी जागा शोधावी लागत नाही. लँडिंग मात्र आम्ही बनवलं. फावडं, घमेलं, दोन रविवार. फोनमधल्या लेव्हलवर वीस अंश आला की थांबायचं. दोन फुटावरून खाली यायला साधारण पाव ते अर्ध्या सेकंदाच्या मध्ये कुठेतरी वेळ लागतो, तेवढ्यात सायकल साडेचार फूट पुढे जाते, म्हणून उतार कडेला चिकटून नाही तर थोडा पुढे सुरू केला आणि टायर टेकायला पाहिजे तिथे कबड्डीच्या मैदानासारखी फक्की मारली. फक्कीच्या अलीकडे टेकलं तर वेग कमी, पलीकडे तर जास्त, कोणी सांगावं लागत नाही. सुरुवातीला भाच्याच्या हट्टाने लँडिंगवर पिंजर (भाताचा पेंढा) पसरलं होतं, गादीसारखं होईल म्हणून. अजिबात करू नका. पुढचं चाक त्यात रुततं आणि सायकल जागेवर थांबते, माणूस पुढे जातो. दाबून बसवलेली माती हीच बरी.

मातीबद्दल एवढं कळलंय की आपल्या पट्ट्यात दिशा बदलली की माती बदलते. पश्चिमेला, खानापूरकडे लाल माती आणि जांभा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती एकदम पकड देते, पण फेब्रुवारीपासून वरचे बारीक गोटे सुटे होतात आणि वळणावर पुढचं चाक निसटतं. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा त्याच्यावरून चालताना पण पाय घसरतो. पूर्वेला काळी माती, वाळली की भेगा आणि ओली असली की चाक फिरतच नाही, फोर्कमध्ये गच्च भरते. जांभ्याच्या बंद पडलेल्या चिऱ्यांच्या खाणी फोटोत फार आकर्षक दिसतात, पायऱ्या पायऱ्या कापलेल्या, पण खाली बहुतेक सपाट दगड किंवा साचलेलं पाणी असतं. आम्ही तीन बघितल्या, एकीतही सायकल उतरवली नाही.

आता रॅम्प, कारण ड्रॉप जमला तरी जंप वेगळी गोष्ट आहे. ड्रॉपला जमीन खालून निघून जाते, जंपला ती तुम्हाला वर ढकलते, आणि त्या ढकलण्याचं वळण एकसारखं नसलं की मागचं चाक जास्त उसळतं. मातीचा रॅम्प केला होता, चार दिवसांत त्याला लिपजवळ, म्हणजे चाक सुटतं त्या वरच्या कडेजवळ, खोबण पडली. मग खासबागेतल्या एका सुतारदादांकडून प्लायचा करून घेतला. त्यांना मी एवढंच सांगितलं, आठ फुटाची दोरी, एका टोकाला खिळा, दुसऱ्याला पेन्सिल. आठ फूट त्रिज्येचा कंस तीस अंशापर्यंत काढला की रॅम्प चार फूट लांब आणि जेमतेम तेरा इंच उंच होतो. बाजू १८ मिलिमीटरच्या, वर ६ मिलिमीटर प्लायचे दोन थर, म्हणजे वाकतात पण आणि दबत नाहीत, रुंदी दोन फूट. मध्ये दर आठ इंचावर आडवी पट्टी. सगळं मिळून चार हजारांच्या आत झालं. दोन फूट रुंदी पहिल्या दिवशी कमी वाटली, आज परत करायचा झाला तर अडीच करेन. वरून वाळू मिसळलेला ऑइल पेंट मारला, सकाळच्या दवात पण टायर सरकत नाही. चार महिन्यांत लिपच्या कडेला थर थोडे सुटलेत, तिथे लोखंडी पट्टी आधीच लावायला पाहिजे होती. वजन जास्त आहे, माळावर न्यायला टेम्पो लागतो, म्हणून रॅम्प घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्येच असतो आणि त्याच्यावर आम्ही फक्त छोट्या उड्या मारतो, कारण तिथे लँडिंग सपाट आहे. तेरा इंचाचा रॅम्प, हळू वेग, बस. लिपवर पाय दाबून उभं राहायचं टायमिंग शिकायला तेवढं पुरतं.

सायकलीचं काय झालं हेही सांगतो. मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले, तिन्ही चेनच्या बाजूचे, त्यानंतर दर पंधरा दिवसांनी टेन्शन हाताने दाबून बघतो. हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) दोनदा ढिला झाला, पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली की टक-टक लागतं, तेव्हाच घट्ट करायचं. फोर्कची हवा आधी कमी होती, आता वजन टाकल्यावर पंचवीस टक्के दबेल एवढी ठेवतो. टायर पुढे २४, मागे २८ पीएसआय, ट्यूबलेस केल्यापासून पंक्चर एकच, बाभळीचा काटा. हेल्मेट पहिल्यांदा साधं होतं, ईएन १०७८ (साध्या सायकल हेल्मेटचं स्टँडर्ड) वालं, मनगट सुजल्यानंतर एफ१९५२ (डाउनहिलसाठीचं स्टँडर्ड) लिहिलेलं, हनुवटीपर्यंत झाकणारं फुल फेस घेतलं. भाच्याचं पण तसंच, त्याच्या आईने त्याशिवाय परवानगी दिली नसती. गुडघ्याचे पॅड रोज, हातमोजे रोज.

आज मी दोन फुटावरून दहापैकी नऊ वेळा फक्कीवर टेकतो, भाचा दहाच्या दहा वेळा. त्याचा डोळा आता खड्ड्याच्या चार फुटाच्या टोकावर आहे, आणि मी नाही म्हणतोय, त्याला वेगळी सायकल लागेल. त्याऐवजी दोन फुटाच्याच उंचीवर दुसरं लँडिंग भरायला घेतलंय, जरा जास्त उताराचं. मालकांना विचारून वरच्या बाजूला पाण्याचा चर पण काढला, नाहीतर पहिल्या पावसातच सगळं वाहून जाईल. अजून पंचवीस-तीस घमेली माती कमी आहे. या रविवारी ती टाकून, चोपून, वर गवताची ढेकळं लावून ठेवतो, चार महिन्यांच्या पावसात दबून बसेल आणि दसऱ्याच्या सुमाराला चाक घालायला तयार असेल.