वुडस्टॉकचा तीन रेकॉर्डचा जुना संच: शा ना नासाठी घ्यावा का?

शा ना ना या अमेरिकन बँडसाठी वुडस्टॉकचा, म्हणजे १९६९च्या अमेरिकेतल्या मोठ्या रॉक महोत्सवाचा, १९७० सालचा हा संच घेणार असाल, तर त्यात त्यांचं एकच गाणं आहे: 'ॲट द हॉप', जेमतेम दोन मिनिटांचं. तरी घ्या. कोलंबिया विद्यापीठातल्या गाणाऱ्या पोरांनी १९६९ मध्ये हा बँड काढला आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टच्या सकाळी, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या लगेच आधी, ते वुडस्टॉकच्या मंचावर उभे राहिले. मूळ गाणं १९५७च्या अखेरचं, पण रॉक इतक्या झपाट्यानं बदललं होतं की बारा वर्षांतच ते पुरातन वाटू लागलं होतं. यांनी ते मुळापेक्षा जलद, भरगच्च गळ्यांनी गायलं. १९७७ ते १९८१चा त्यांचा टीव्ही कार्यक्रम, १९७८च्या 'ग्रीस' चित्रपटातला सहभाग, हे सगळं यानंतरचं. टीव्हीवर गाजलेला त्यांचा गायक बाउझर मात्र इथे शोधू नका, तो १९७० मध्ये आला. इथे मुख्य आवाज ॲलन कूपरचा आहे, जो नंतर बायबलचा नावाजलेला अभ्यासक झाला.

खरी अडचण गाण्याच्या जागेची. ते पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. लेबलजवळ एका फेऱ्यात खाचेची लांबी कमी पडते, त्यामुळे बारीक आवाज दाटीनं कोरले जातात आणि 'स', 'श' फाटतात. जड सुईनं वाजवलेल्या प्रतीत तर समूहाचे आवाज खरखरीत मिसळून जातात. म्हणून पैसे देण्याआधी हेच गाणं लावून बघा. घरी लंबवर्तुळाकार टोकाची सुई आणि कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) बनवणाऱ्यानं सांगितलेलं सुईचं वजन ठेवा. वजन कमी केलं की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई उसळते आणि खाच कोरते.

बऱ्याच जुन्या अमेरिकन प्रतींत बाजू १च्या मागे ६, २च्या मागे ५ आणि ३च्या मागे ४ असते. एकावर एक रेकॉर्ड रचून वाजवणाऱ्या चेंजरसाठी तशी जोडी लावत. तबकडी बदलली गेली असं समजून परत करू नका. उलट मजा बघा: मागच्या बाजूला हेंड्रिक्स आहे, जो मंचावर शा ना नाच्या लगेच पाठोपाठ आला होता.

आता नागपूरच्या हवेत रेकॉर्ड जपण्याचं. मे महिन्यात सीताबर्डीत गाडी उन्हात लावून रेकॉर्ड आत ठेवली, तर ती वाकलीच म्हणून समजा. ओल्या हवेचा कूलर असलेल्या खोलीत आणि पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, तीच पुढं खाचेत पांढरे ठिपके होऊन टिकटिकते. संच उभाच ठेवा, कूलरच्या झोतापासून लांब. धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड घ्या, खाचेच्या दिशेनं पुसा, लेबल कोरडं ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कव्हरमध्ये घालू नका.

फक्त शा ना नाच हवे असतील, तर १९७३चा त्यांचा दोन रेकॉर्डचा 'द गोल्डन एज ऑफ रॉक अँड रोल' आधी शोधा.